उस्ताद, शिबिराचा अभिप्राय लिहायला बसले आहे

उस्ताद,

तुमच्या तेराव्याहून परत आले त्याला दोन दिवस झाले. टेबलावर तीच फाइल आहे, जिच्यावरून आपण गेले चार महिने भांडत होतो. सोमवारी साहेबांना एका पानाचा अभिप्राय द्यायचा आहे. 'रणवृत्ती' हे मनोधैर्य वाढवायचं शिबिर यापुढे शिकाऊ पोलिसांच्या प्रत्येक तुकडीला सक्तीचं करावं का, आणि करायचं तर त्याचे तास कुठून काढावेत. तास कुठून काढायचे ते साहेबांनी मनात ठरवूनही टाकलंय. तुमच्या गर्दीच्या सरावातून. हे तुम्हाला माहीत होतं, आणि तरी गुरुवारी कॅन्टीनमध्ये चहा बशीत ओतता ओतता तुम्ही एवढंच म्हणालात, "तुमी आदी लिवा की. मी वाचतो. मंग भांडू." रविवारी सकाळी शेतात गेलात आणि परत आला नाहीत. भांडण असं अर्धवट टाकून जाऊ नये, एवढी शिस्त तुम्हाला तरी असायला हवी होती.

रागावले आहे थोडी. तुम्हाला चालेल. माझा राग तुम्हाला कधीच फारसा भारी पडला नाही.

बारा वर्षांपूर्वी मी तुमच्या हाताखाली शिपाई म्हणून शिकायला आले. अकलूजची, कारखान्यातल्या क्लार्कची मुलगी, धावण्यात बरी, बाकी सगळ्यात कच्ची. तुम्ही सैन्यातून हवालदार म्हणून निवृत्त होऊन पोलिसांना मैदानावर शिकवायला आला होता. तुम्ही आम्हाला नावाने हाक मारत नव्हता, मी होते 'चौदा नंबर'. पुढे खात्याची परीक्षा देऊन मी फौजदार झाले आणि फिरत फिरत याच मैदानावर तुमची अधिकारी म्हणून आले. पहिल्या दिवशी तुम्ही मला सॅल्यूट ठोकलात, आणि उलट सॅल्यूट करायचा सोडून मी सावधान उभी राहिले, तुमच्या हुकमाची वाट बघत. अख्खी तुकडी हसली. तुम्ही हसला नाहीत. ओठ न हलवता पुटपुटलात, "मॅडम, हात वर करा." त्या दिवसापासून तुम्ही मला सगळ्यांसमोर एकदाही चौदा नंबर म्हटलं नाही.

मला आठवतो तो माझा पहिला बंदोबस्त. जत्रेचा. पाच तास उभी होते, पाय सुजले होते, आणि आतून मात्र मी फुलून आले होते, कारण अंगावर नवी वर्दी होती आणि माणसं बाजूला होत होती. परत आल्यावर तुम्ही आम्हाला रांगेत उभं केलंत. आम्हाला वाटलं, शाबासकी मिळणार. तुम्ही प्रत्येकाला एकच सांगितलंत: तीन माणसं सांग. गर्दीतली कुठलीही तीन माणसं. काय घातलं होतं, कुणाबरोबर होती, कुठं बघत होती. माझ्यासमोर हजारो माणसं होती आणि मला एक सांगता येईना.

"भ्याली हुतीस काय?"

"नाही, उस्ताद."

"मंग जोशात हुतीस. दोनी एकच. भ्यालेल्याला काय दिसत न्हाय, आन लई जोशात असल्यालाबी दिसत न्हाय."

पुढच्या बंदोबस्तात मी तीन माणसं पाठ करून आणली, तर तुम्ही चौथं विचारलंत. तुमचा हा रिवाज कुठल्या पुस्तकात नव्हता, कुठल्या वेळापत्रकात नव्हता. पण आज माझ्याकडे थोडंफार बघायचं कसब आहे ते त्या रांगेतलं आहे. यासाठी आभार मानायचे राहून गेले. मैदानावर आभार मानायची पद्धत नसते, असं तुम्हीच शिकवलं होतं.

आता शिबिराकडे येते.

पुण्याहून ते ट्रेनर आले ते माझ्या शिफारशीने आले, हे पहिल्यांदा मान्य करते. काळा टी-शर्ट, गालाला चिकटलेला माइक, मागे मोठ्या आवाजात ढोल. दोन दिवस पोरापोरींना सांगितलं की तुम्ही मेंढरं नाही, तुम्ही योद्धे आहात, मन जिंकलं की रण जिंकलं. शेवटी सगळ्यांनी मुठीने लाकडाची फळी फोडायची. तुम्ही दोन्ही दिवस शेवटच्या रांगेत खुर्चीवर ताठ बसून होता. ट्रेनरनी तुम्हालाही पुढे बोलावलं. तुम्ही फळी हातात घेतली, उलटीसुलटी करून बघितली आणि विचारलंत, "ही फोडून काय हुतंय?" ते म्हणाले, मनातली भीती फुटते. तुम्ही म्हणालात, "मंग मी न्हेतो ही घरला. आमच्या पाटाचा पाय मोडलाय, तितं बसंल." सभागृह हसून लोटपोट झालं. ते ट्रेनरही मनापासून हसले आणि त्यांनी तुम्हाला फळी देऊन टाकली. मला मात्र तुमचा राग आला होता, कारण मला वाटलं, तुम्ही माझी चेष्टा केलीत.

नंतर कॅन्टीनमध्ये आपण पहिल्यांदा भांडलो. मी म्हटलं, सैन्यात तुम्हाला हेच तर शिकवलं असेल, लढायची जिद्द.  तुम्ही सांगितलंत की बर्फात चौकीवर असताना तुम्हाला कुणी भाषण दिलं नाही. शेजारच्याचे मोजे ओले आहेत का ते रोज बघायला शिकवलं. "जिद बिद त्यातनंच येती, मॅडम. शेजारचा आपल्याकडं बगतोय म्हटल्यावर मानूस पळत न्हाय." आणि पुढे जे म्हणालात ते मी फाइलच्या मागच्या पानावर लिहून ठेवलंय: "आन आमाला तितं शत्रू हुता. हितं कोन हाय? हितं भाजीवाला हाय, कालेजचं प्वार हाय. रण म्हटलं की समोर शत्रू लागतो. पोलिसाला शत्रू दिला की तो हुडकत बसतो."

हे मला तेव्हाच पटलं. आजही पटतं. पण तेवढ्यावरून मी हरले असंही नाही, कारण माझ्याकडे महादेवी होती.

महादेवी अक्कलकोटच्या पलीकडच्या गावची. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्ही भाषांत आवाज शेजारच्यालाच ऐकू जाईल एवढा. चार महिने तुम्ही तिच्यामागे लागला होता. मैदानाच्या एका टोकाला तिला आणि दुसऱ्या टोकाला स्वतःला उभं करून "थांबा म्हन" म्हणायचा, आणि ती म्हणायची, आणि तुमच्यापर्यंत काही पोचायचं नाही. पुरुषावर ओरडायचं म्हणजे तिच्या घशात काहीतरी अडकायचं. ट्रेनरनी दुसऱ्या दिवशी तिला समोर उभं केलं, पोटावर हात ठेवायला लावला, श्वास कसा घ्यायचा ते दाखवलं आणि घाबरल्यावर शरीरात काय काय होतं ते सगळं उघडपणे सांगितलं. अर्ध्या तासाने तिच्या तोंडून जे "थांबा" निघालं त्याने मागच्या रांगेतला एक जण खरोखर जागच्या जागी थबकला. संध्याकाळी तुम्ही स्वतः माझ्याकडे आलात. "माज्या हातनं न्हाय झालं ते," म्हणालात. इतक्या वर्षांचा अनुभव असलेले किती जण हे असं उभ्या उभ्या कबूल करतील, सांगा.

मग आठवड्याभराने तो सराव झाला. अर्धी तुकडी गर्दी झाली, अर्धी तुकडी ढाली घेऊन रांगेत. गर्दीतलं कुणी पडलं की तुम्ही दोन आखूड शिट्ट्या देणार आणि मधल्या चौघांनी दोन पावलं मागे येऊन वाट करायची, हे पोरांना झोपेतही माहीत होतं. त्या दिवशी गर्दीत पडणारी बाई महादेवी होती. ती ठरल्याप्रमाणे पडली. तुम्ही शिट्टी दिलीत. पण रांग शिबिरात शिकवलेली घोषणा देत होती, 'एक पाऊल मागे नाही', ढाली आपटत, एका तालात, आणि त्या आवाजात तुमची शिट्टी बुडाली. तुम्ही पुन्हा दिलीत. कुणाच्या कानावर गेली नाही. रांग पुढे आली आणि एकाचा बूट तिच्या मनगटावर पडला. मी ओट्यावरून धावत सुटले होते तेवढ्यात ढालींखालून महादेवीचा आवाज आला. "थांबा." एकदाच. आणि रांग थांबली.

दवाखान्यात तिच्या हाताला प्लास्टर घालेपर्यंत आपण बाहेर बाकावर बसलो होतो. ज्याचा बूट पडला तो पोरगा भिंतीकडे तोंड करून रडत होता, त्याला तुम्ही पाणी आणून दिलंत. मला वाटलं, आता तुम्ही मला सुनावणार. तुमच्या जागी मी असते तर सोडलं नसतं. तुम्ही टोपी मांडीवर ठेवलीत आणि म्हणालात, "शिट्टी बुडवली ती त्या माइकवाल्यांनीच, आन आवाज दिला तोबी त्येंनीच. आता लिवा, मॅडम, काय लिवायचं ते." एवढ्या जवळून इतका न्यायी माणूस मी दुसरा पाहिला नाही.

म्हणून तर लिहिणं अवघड झालं. शिबिर संपल्यावर भरून घेतलेले अभिप्रायाचे कागद फाइलला लावलेत. सगळे 'उत्कृष्ट'. फळी फोडलेल्या हाताने माणूस आणखी काय लिहिणार? तुम्ही म्हणायचात, शिबिराच्या संध्याकाळी विचारू नका, तीन महिन्यांनी त्यांच्या ठाण्यावर जाऊन बघा. पण ही तुकडी अजून ठाण्यांवर गेलेलीच नाही, आणि साहेबांना थांबायचं नाही. तुम्ही गेल्यावर आठवड्याने मी माझ्यापुरतं करून पाहिलं. एका बंदोबस्तावरून आलेल्या दोन तुकड्या उभ्या केल्या, एक शिबिर केलेली, एक न केलेली, आणि तुमचा प्रश्न विचारला. तुमच्यासारखा आवाज काढायला गेले, तो जमेना, मग साध्या आवाजात विचारलं. फरक म्हणावा असा फरक नव्हता. दोन्हीकडे बघणारे होते आणि दोन्हीकडे न बघणारे होते. त्यावरून शिबिर बाद करता येत नाही आणि सक्तीचंही करता येत नाही. हे तुम्हाला सांगायला फोन उचलला होता. नंबर लावायच्या आधी लक्षात आलं.

आता तुमच्याकडे एक तक्रार आहे, ती ऐका. तुम्ही पोरांना नेहमी सांगायचात, भीती ज्याची त्यानं गिळायची; तोंड बंद, पाय चालू. उस्ताद, यात तुम्ही चुकत होता. ते माइकवाले निदान एवढं तरी म्हणाले की भीती वाटते, सगळ्यांना वाटते, आणि ती बोलायची. तुम्ही बोलू दिलं नाही. म्हणूनच एक गोष्ट मला तुम्हाला कधी सांगता आली नाही, आणि ती न सांगता मी चार महिने तुमच्याशी भांडत राहिले.

दोन वर्षांपूर्वी एका बंदच्या दिवशी माझ्या जीपला जमावाने घेरलं होतं. हातात वायरलेस होता. मला फक्त बटण दाबायचं होतं. दिसत होतं, ऐकू येत होतं, आणि हात उठत नव्हता. किती वेळ गेला मला ठाऊक नाही. शेवटी आपल्या शेख ड्रायव्हरने माझ्या हातातून वायरलेस काढून घेतला आणि मदत मागितली. तेवढ्या वेळात बाहेरच्या एका होमगार्डच्या कपाळाला दगड लागला. त्याला टाके पडले. तो बरा झाला आणि मला भेटला की अजूनही हसून सॅल्यूट करतो, ते मला सहन होत नाही. नोंदीत असं आहे की अधिकाऱ्याने वेळेत मदत मागितली. त्यानंतर कित्येक महिने वायरलेस खरखरला की माझ्या हाताला घाम सुटायचा. मग मी सुट्टी टाकून, कुणाला न सांगता, पदरचे पैसे भरून त्या ट्रेनरच्या शिबिराला गेले. तिथे पहिल्यांदा कुणीतरी मला सांगितलं की असं होतं, याला नाव आहे, आणि श्वास मोजत मोजत यातून बाहेर येता येतं. मी आले. तुम्हाला वाटलं मी ढोलाला आणि काळ्या टी-शर्टला भुलले. तसं वाटू दिलं, कारण खरं सांगण्यापेक्षा ते सोपं होतं.

आणि आता तेराव्या दिवसाचं सांगते, जे इतका वेळ टाळते आहे.

जेवणं झाल्यावर काकू मला परसात घेऊन गेल्या. तुमच्या पाटाला ती फळी बसवलेली दाखवली. मग मी काही विचारायच्या आधी त्या म्हणाल्या, "ताई, तुमच्या जीपचं त्यास्नी ठावं हुतं."

मला आधी कळलंच नाही त्या काय म्हणतात.

"त्या डायवरनं त्याच आठवड्यात सांगितलं हुतं. मी म्हटलं, मंग त्या पोरीशी भांडतासा कशाला, एकदा म्हना की तू भ्यालीस म्हनून तुला ते शिबिर आवडतंय, म्हंजी ती गप बसंल. तर माज्यावर चिडलं. म्हनलं, ती सांगंल तवा सांगंल. तवर ते माज्या तोंडात येनार न्हाय."

दोन वर्षं, उस्ताद. मी तुम्हाला काय काय बोलले. तुम्ही जुने झालात म्हणाले. तुम्हाला आजच्या पोलिसाची भीती कळत नाही म्हणाले. एका वाक्यात मला गप्प करता आलं असतं आणि ते वाक्य तुमच्याजवळ सगळा वेळ होतं. तुम्ही बशीतला चहा फुंकत राहिलात आणि भाजीवाल्याची, मोज्यांची, शिट्टीची गोष्ट सांगत राहिलात. तुम्ही माझ्या म्हणण्याशी भांडलात. माझ्याशी भांडला नाहीत. परतीच्या एसटीत मी मंगळवेढ्यापासून सोलापूरपर्यंत खिडकीबाहेर बघत रडत आले. शेजारच्या बाईंनी विचारलं, कोण गेलं? मी म्हटलं, माझे उस्ताद. त्यांना वाटलं गाण्याचे. मी नाही म्हटलं नाही.

तरी माझी तक्रार कायम आहे. तुम्ही थोडं आधी विचारलं असतंत तर मी सांगितलं असतं. तुम्ही मला जपलंत, पण एकटीही ठेवलंत. दोन्ही खरं आहे आणि यावर आपलं भांडण झालं असतं, चांगलं दोन चहांचं.

इथवर रविवारी लिहिलं होतं. आज मंगळवार आहे. अभिप्राय दिला.

त्यात लिहिलंय की श्वासाचा आणि आवाजाचा भाग ठेवावा, भीतीबद्दल उघड बोलण्याचा तास ठेवावा, घोषणा आणि योद्ध्याची भाषा पोलिसांच्या शिबिरातून काढावी, गर्दीच्या सरावाचा एकही तास कमी करू नये, आणि शिबिर कसं झालं हे त्याच संध्याकाळी न विचारता तीन महिन्यांनी ठाण्यावर जाऊन बघावं. तुमचं आणि माझं, दोघांचंही आहे त्यात. पण सगळ्यात वर पहिलं वाक्य माझं एकटीचं आहे: या शिबिराचा ज्यांना खरा उपयोग झाला त्यांपैकी एक मी आहे, कारण अमुक दिवशी जमावासमोर माझा हात उठला नव्हता आणि मदत माझ्या ड्रायव्हरने मागितली होती.

साहेबांनी पान वाचलं, पुन्हा पहिल्या ओळीवर आले आणि त्या वाक्यावर बोट ठेवलं. "हे काढा. अभिप्रायाला याची गरज नाही, आणि तुमच्या नोकरीला तर नाहीच नाही."

मी म्हटलं, "सर, हे काढलं तर खालचं सगळं ऐकीव होतं."

त्यांनी बोट उचललं. मग त्यांनी विचारलं, "उस्तादांना माहीत होतं?"

"होतं, सर."

"काय म्हणाले ते?"

"काहीच नाही, सर," मी म्हणाले, आणि बाहीने डोळे पुसले. साहेबांनी माझ्याकडे न बघता पाण्याचा ग्लास पुढे सरकवला, आणि पान आहे तसं ठेवून त्यावर सही केली.